फिरस्त्याच्या नजरेने महानगरं : तुमचा क्रम काय?

पाऊलवाट :

मी शाळेत शिकवते, त्यामुळे माझं फिरणं दिवाळीत नाहीतर मे महिन्यात. गेल्या अकरा वर्षांत सात महानगरं एकटीने पाहिली. प्रत्येक ठिकाणी किमान चार रात्री राहिले, दिवसभराची गाडी कधी केली नाही आणि नातेवाइकांकडे उतरले नाही. नातेवाइकांकडे उतरलं की जेवणं होतात, शहर राहून जातं.

राहायला कोणतं शहर चांगलं, हा इथला प्रश्न नाही. हातात एक बॅग आणि ओळखीचं कुणी नाही, अशा माणसाला शहर कसं वागवतं एवढंच मी बघते. स्टेशनातून बाहेर पडल्यावर पुढचा रस्ता सापडतो का, पायी फिरता येतं का, एकट्या बाईला नीट बसून जेवता येतं का, स्वच्छतागृह कुठे आहे, आणि आपल्याकडे बघायला मिळणार नाही असं तिथे काय आहे.

माझा क्रम : कोलकाता, अहमदाबाद, हैदराबाद, मुंबई, चेन्नई, दिल्ली, बंगळूर.

कोलकाता पहिलं का ते सांगते. गाडी पहाटे हावड्याला पोचली. सामान क्लोकरूममध्ये टाकलं आणि पुलावरून चालत पलीकडे गेले. पुलाच्या पायथ्याशी मल्लिकघाटाचा फुलबाजार आहे. आपल्याकडे झेंडू टोपलीत नाहीतर पोत्यात येतो. तिथे माणसं माळांचे जुडगेच्या जुडगे दोन्ही खांद्यांवर टाकून चालतात. चेहरा दिसत नाही, समोरून नारिंगी ढीग चालत येतोय असं वाटतं. खाली पाकळ्यांचा नुसता रेंदा. एका कडेला उभी राहून मातीच्या भांड्यातून चहा प्यायले. रिकामं भांडं परत द्यायला गेले तर चहावाल्याने हातानेच खूण केली, तिकडे टाका. मला टाकवेना. ते साताऱ्याला आणलं, त्यात मी खडूचे तुकडे ठेवते. त्याच दिवशी मी नावेतून नदी ओलांडली, ट्राममध्ये बसले, मेट्रोने कालीघाटला गेले आणि कॉलेज स्ट्रीटला जुन्या पुस्तकांत तीन तास घालवले. 'एकट्याच आलात का' असं कुणी विचारलं नाही.

अहमदाबादला महापालिकेचा सकाळचा हेरिटेज वॉक आहे, १९९७ पासून चालू. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून पोळांमधून जामा मशिदीपर्यंत. पोळ म्हणजे आपल्या वाड्यांची अख्खी आळी, तिला स्वतःचा दरवाजा आणि मध्यात पक्ष्यांना दाणे टाकायचा खांबावरचा चबुतरा. अडीच तासांत शहराशी ओळख होते, पुढचे तीन दिवस एकटीने फिरता येतं.

दिल्ली मागे पडली ती एका रात्रीमुळे. साडेनऊला पोचले, तर आधी आरक्षण केलेल्या लॉजने 'एकट्या बाईला खोली देत नाही' म्हणून सांगितलं. अकरा वाजेपर्यंत बॅग घेऊन फिरत होते. बंगळूर शेवटी आलं, कारण दोन ठिकाणांच्या मधल्या रस्त्यावरच माझा दिवस संपत होता.

तुमचा क्रम सांगा, आणि का तेही सांगा.

चौथा डबा :

दिल्ली सहावी, मुंबई चौथी! चहा घेऊन येतो, धागा लांबणार आहे.

राजधानीकर :

पाऊलवाटताई, लॉजचा अनुभव वाचून वाईट वाटलं, त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण एका रात्रीसाठी दिल्लीला सहाव्या नंबरवर टाकू नका. नऊ वर्षं इथे आहे, तरी सुट्टीच्या दिवशी अजून पाहुण्यासारखा बाहेर पडतो.

पायी फिरायचं म्हणताय ना? मेहरौलीचं पुरातत्त्व उद्यान घ्या. कुतुबमिनारच्या दारात तिकिटाची रांग असते आणि शेजारच्या या उद्यानात शुकशुकाट. तिकीट नाही. आत राजों की बावली (पायऱ्यांची विहीर) आहे, बल्बनाची कबर आहे, जमाली कमालीची मशीद आहे. जमाली कमालीच्या कबरीवरचं छत बघायला मिळालं तर बघाच, लाल-निळ्या गिलाव्यावरचं नक्षीकाम आहे. ती खोली बहुधा कुलूपबंद असते, पण चौकीदाराला विचारून बघावं. लोदी गार्डनलाही तिकीट नाही. सकाळी लोक तिथे सुलतानांच्या कबरींच्या भोवती फेऱ्या मारत असतात. पाचशे वर्षांपूर्वीची इमारत आणि तिच्या पायरीवर कुणी पोहे खात बसलंय, हे मला दिल्लीतच दिसलं.

आणि मेट्रो! २००२ च्या डिसेंबरमध्ये शाहदरा ते तीस हजारी एवढ्या तुकड्यावर सुरू झाली, आज जवळपास सगळ्या बघण्याच्या जागा तिच्या आसपास आहेत. नवखा माणूस कुणाला न विचारता चांदणी चौकापासून कुतुबपर्यंत जातो. हे भारतात दुसऱ्या कुठल्या शहरात इतकं सोपं आहे, सांगा.

एकच सूचना. सोमवारी येऊ नका. लाल किल्ला बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद.

कवठीचाफा :

राजधानीकर, मेट्रोबद्दल पूर्ण सहमत. पहिला डबा बायकांचा, त्यात मी निर्धास्त असते. पण मेट्रोतून वर आल्यावर काय? हिवाळ्यात सहालाच अंधार पडतो आणि स्थानकापासून मुक्कामापर्यंतचा शेवटचा किलोमीटर मला नेहमी धावतपळत काढावा लागला. मुंबईत रात्री साडेदहाला दादरला उतरून चालत गेले आहे, वाटेत भाजीसुद्धा घेतली. हा फरक नकाशावर दिसत नाही.

स्वच्छतागृहाचा मुद्दा ताईंनी एका ओळीत आटपला, मला तो पहिल्या क्रमांकाचा वाटतो. बाईमाणूस प्रवासात पाणी कमी का पितं ते सगळ्या बायकांना माहीत आहे. मी फिरायचे दिवसच त्यावर ठरवते. सकाळी संग्रहालय, दुपारी मोठं हॉटेल नाहीतर मॉल, संध्याकाळी बाजार. बाजार आधी ठेवला की पंचाईत.

या एका कसोटीवर टोकियोच्या जवळपास कुणी नाही. जवळजवळ प्रत्येक स्टेशनात, प्रत्येक बागेत, स्वच्छ आणि फुकट. आठ दिवसांत मला एकदाही 'कुठे आहे हो' असं विचारावं लागलं नाही.

चौथा डबा :

टोकियोत शाकाहारी माणसाने काय खायचं तेही सांगा. आमच्या मातोश्री आठ दिवस भात आणि साताऱ्याचे कंदी पेढे यांवर होत्या.

कवठीचाफा :

मातोश्रींचा त्रास खरा आहे. जवळजवळ सगळ्या रश्शांत दाशी नावाचा अर्क असतो आणि तो बहुधा माशाचा. भाजी दिसते म्हणून शाकाहारी असं समजू नये. भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात, त्यातले आलुबुखारासारख्या खारट फळाचे चालतात. पण एकट्याने जेवायला मात्र टोकियोसारखं शहर नाही. दारात यंत्र, पैसे टाकून चिठ्ठी घ्यायची, फळीसमोरच्या खुर्चीत बसायचं. शेजारचाही एकटाच असतो. 'किती जण?' या प्रश्नाला 'एकच' म्हणताना कसनुसं होत नाही.

हुगळीचा पाहुणा :

माझा जन्म कोलकात्याचा, वडील तिथे नोकरीला होते. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात आमचा गणपती असायचा. त्यामुळे पहिल्या पोस्टने सकाळ चांगली गेली.

मराठी माणूस कोलकात्याला गेला की त्याला एक गोष्ट माहीत हवी. तिथल्या आया मुलांना झोपवताना जी अंगाई म्हणतात, तिच्यात 'बर्गी' येतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर, नागपूरकर भोसल्यांचं घोडदळ. १७४२ मध्ये त्यांच्या धास्तीने इंग्रजांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच. तो पूर्ण झालाच नाही आणि कोलकात्यावर हल्लाही झाला नाही. पुढे खंदक बुजवला आणि त्याच्या कडेने सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आजही आहे. लहानपणी माझ्या मित्राची आजी मला जवळ घेऊन हसत म्हणायची, हा बघा बर्गी आला. मग हातावर नारळाचा लाडू ठेवायची. आपण शाळेत जो इतिहास अभिमानाने शिकतो, तो बंगालच्या खेड्यांनी जळताना पाहिलेला आहे, हे मला त्या लाडवाबरोबर कळलं.

ताई, ट्राममध्ये बसलात ते बरं केलंत. १८७३ मध्ये घोड्यांच्या ट्रामने सुरुवात झाली होती. २०२४ मध्ये सरकारने मैदान ते एस्प्लनेड एवढाच मार्ग वारसा म्हणून ठेवून बाकीच्या बंद करायचं जाहीर केलं. ज्यांना जायचं आहे त्यांनी लांबवू नये.

गोंडवनी :

आम्ही नागपूरचे. रघूजी राजांच्या काळी घोड्यावरून जात असत, आता गीतांजली एक्सप्रेसने जातो आणि चौथाई म्हणून फक्त संदेश मिठाई आणतो. :)

चौथा डबा :

गोंडवनी, दंडवत घ्या!

गोदाकाठ :

हैदराबाद तिसरं ठेवलंत. आम्हा नांदेडकरांसाठी ते पहिलंच. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. मुंबई आमच्यासाठी परमुलूख, शहर म्हणजे हैदराबाद. आजोबा उस्मानिया विद्यापीठात शिकायला गेले, सगळं शिक्षण उर्दूतून. १९३८ च्या वंदे मातरम् चळवळीत जी मुलं काढून टाकली गेली, त्यांत तेही होते. पुढची पदवी त्यांनी नागपूरला जाऊन घेतली. पण मरेपर्यंत हिशेब उर्दूत लिहायचे आणि चहात उस्मानिया बिस्किट बुडवायचे. ज्या शहराने हाकललं त्याच्यावरच त्यांचा जीव होता.

त्यांचं शहर बघायला म्हणून मी २०१६ ला मुलाला घेऊन गेलो. काचीगुड्याला उतरलो, रिक्षाने अफजलगंज, तिथून पायी. सालारजंग संग्रहालयात ते प्रसिद्ध घड्याळ आहे. तास भरत आला की सगळी दालनं ओस पडतात आणि लोक घड्याळासमोर येऊन बसतात, शाळेची पोरं जमिनीवर मांडी घालून. आतून एक छोटा दाढीवाला बाहेर येतो, टोले देतो आणि आत जातो. बारा वाजता गेलो होतो, बारा टोले. शेजारी बसलेली एक बुरखेवाली आजी बोटांवर मोजत होती, माझा मुलगाही मोजत होता. दोघांचे बारा भरले तेव्हा त्यांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली.

कोलकात्याशी जोड म्हणजे त्या घड्याळावर नाव कोलकात्याच्याच कुक अँड केल्व्हीचं आहे.

शुक्रवारी संग्रहालय बंद असतं. चारमिनारला संध्याकाळी जा, दिवे लागल्यावर.

मुक्काम मैलापूर :

चेन्नई पाचवी? मे महिन्यात गेला असणार. चेन्नईला मे महिन्यात जाणं म्हणजे शहरावर अन्याय आणि स्वतःवर त्याहून जास्त. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत जा. मार्गळी महिना असतो. पहाटे दारोदारी मोठाल्या कोलम रांगोळ्या, दुपारपासून सभांमध्ये, म्हणजे तिथल्या संगीतसंस्थांमध्ये गाणं, बऱ्याच दुपारच्या मैफली फुकट. आणि सभेचं कँटीन! गाणं न कळणारा माणूसही तिथल्या जेवणासाठी तालावर मान हलवायला शिकतो.

एगमोरच्या सरकारी संग्रहालयात चोळांच्या कांस्यमूर्ती आहेत. तिरुवालंगाडूचा नटराज मी तीनदा पाहिला. पुस्तकांतल्या चित्रांमुळे आपण नटराज नेहमी समोरून बघतो. तिथे बाजूने बघा, उचललेला पाय आणि पाठीचा बाक. पितळेच्या दुकानातल्या प्रती का फसतात ते तिथे समजतं.

मराठी वाचकांसाठी अजून एक. जॉर्जटाउनमध्ये थंबु चेट्टी स्ट्रीटवर काळिकाम्बाळ मंदिर आहे. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी ३ ऑक्टोबर १६७७ ला शिवाजी महाराजांनी तिथे दर्शन घेतलं, असं देवळात लिहून ठेवलं आहे. भोवती घाऊक बाजाराची गर्दी, हातगाड्या, आणि मध्येच हे देऊळ. मला तिथल्या पुजाऱ्यांनी 'महाराष्ट्रा?' एवढं विचारलं आणि त्या पाटीकडे बोट दाखवलं.

रिक्षावाल्यांशी भाव ठरवण्याचा त्रास आहे, तो नाकारत नाही. बसने जा, बाईंसाठी जागा राखीव असतात.

लालबागेतला :

बंगळूरला पंधरा वर्षं राहतो आणि ताईंचा क्रम मला मान्य आहे. इथे राहणं सुखाचं, पाहुणा म्हणून येणं त्रासाचं. मेट्रोची जांभळी ओळ २०२३ ला पूर्ण झाली, आता जरा बरं आहे.

तरी एक मागणं. इथे आलात तर चार दिवसांत सगळं शहर बघायचा हट्ट सोडा. बसवनगुडीत खोली घ्या. सकाळी लालबाग. हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केलेली बाग, पण तिच्यातला खडक तीनशे कोटी वर्षांचा आहे. त्यावर चढून बसा, मग उतरून गांधी बाजारला लोणी डोसा खा. संध्याकाळी बुल टेंपल. बस, एवढंच. दोन दिवस पुरे.

साहेबाचं गाव :

लंडनमधून लिहिते आहे. परदेशातली शहरं चालतात ना? ताईंच्या कसोट्या लावून बघते.

सरकारी मोठी संग्रहालयं फुकट, हे प्रवाशाच्या दृष्टीने फार मोठं. तिकीट नसलं की माणूस दिवसभर थांबायचा हट्ट धरत नाही. पाऊस आला, शिरलो, दोन मूर्ती बघितल्या, बाहेर आलो. बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, कार्ड टेकवायचं. जेवण महाग. स्टेशनातली स्वच्छतागृहं आता बऱ्याच ठिकाणी फुकट झाली आहेत, भुयारी गाडीच्या जुन्या स्थानकांत मात्र शोधावी लागतात.

गावाकडून कुणी आलं की मी त्यांना किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरी नेते. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घेतलं. साधी विटांची ओळीतली इमारत, शेजारीपाजारी लोक राहतात. गेल्या उन्हाळ्यात परभणीहून एक काका आले होते. राजवाड्यासमोर फोटो काढून झाले, पण या घराच्या पायरीवर चप्पल काढूनच चढले. मग बराच वेळ खिडकीतून रस्त्याकडे बघत उभे. 'इथून चालत जायचे का ते वाचनालयात?' एवढंच विचारलं. परत जाताना आम्ही बस न घेता चालत गेलो.

माझा क्रम : लंडन, इस्तंबूल, मुंबई.

तांबडंफुटलं :

इस्तंबूलला +१. एमिनोनूहून कादिकॉयला जाणारी साधी फेरीबोट, युरोपातून आशियात वीस-पंचवीस मिनिटांत. हातात कंबर बारीक असलेल्या काचेच्या पेल्यात चहा, बाहेर सीगल. रोज ऑफिसला जाणाऱ्यांची बोट आहे ती, पर्यटकांसाठी मुद्दाम काढलेली नाही. प्रवाशाला शहर तिथे कळतं.

आपल्याकडे भाऊचा धक्का ते मोरा, तेच सुख आहे. कुणी जात नाही.

वारणाकाठ :

मुंबईबद्दल लिहू का नको असं चाललं होतं. तुम्ही सगळे बघायला गेलात, मी वडिलांच्या उपचाराला परळला गेलो होतो, कोल्हापूरहून. सात आठवडे. तोही प्रवासीच ना?

पहिल्या दिवशी मला रस्ता कुठला, औषधं कुठली, काही माहीत नव्हतं. रुग्णालयाच्या भिंतीलगत पदपथावर राहणाऱ्या एका कुटुंबाने, तेही बाहेरगावचेच, मला सगळं सांगितलं. कुठल्या धर्मशाळेत नंबर लावायचा, जेवण कुठे फुकट मिळतं, आंघोळ कुठे. लोकलमध्ये वडिलांना घेऊन चढलो की न बोलता जागा व्हायची. सात आठवड्यांत एकदाच रविवारी वडील म्हणाले, समुद्र दाखव. दादर चौपाटीला नेलं. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उभे राहिले. नंतर भेळ मागितली, तिखट चालत नव्हतं तरी.

चौपाटीशिवाय काही बघितलं नाही. गेटवे अजून पाहिलेलं नाही. माझ्या यादीत मुंबई पहिली.

कवठीचाफा :

वारणाकाठ, बरं झालं लिहिलंत. वडील कसे आहेत?

वारणाकाठ :

बरे आहेत. शेतावर जातात.

एकपडशी :

मधेच कामाचं सांगतो, कारण सगळ्यांच्या पोस्टमध्ये 'सामान ठेवलं' एवढंच आहे. रेल्वेच्या क्लोकरूमला बॅगेला कुलूप असावंच लागतं, नाहीतर घेत नाहीत. छोटं कुलूप घरूनच न्या, स्टेशनबाहेर दुप्पट भावात घ्यावं लागतं. चालू तिकीट लागतं, ओळखपत्र लागतं. खाण्याचे जिन्नस आत ठेवू नका, उंदीर असतात. रिटायरिंग रूम आयआरसीटीसीवर आधी मिळते आणि एकट्या बाईसाठी रात्रीच्या गाडीनंतर ती सगळ्यात सुरक्षित. ताईंची दिल्लीतली रात्र अशाने वाचली असती.

राजधानीकर :

एकपडशी यांच्याशी सहमत. शिवाय ताई, पुन्हा याल तेव्हा इथे आधी लिहा. माझी बायको न्यायला येईल स्टेशनवर. मेहरौली आम्ही दाखवू.

पाऊलवाट :

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. उत्तर द्यायला उशीर झाला, चाचणीचे पेपर तपासत होते.

क्रम बदलते आहे. मेट्रोसाठी आणि राजधानीकरांच्या बावलीसाठी दिल्ली चौथी. मात्र कवठीचाफाने लिहिलेला शेवटचा किलोमीटर तिथे सुधारल्याशिवाय त्याच्या वर नाही. चेन्नईला मी मे महिन्यातच गेले होते, अगदी बरोबर ओळखलंत. मार्गळीत जाऊन आल्यावर तिच्याबद्दल बोलेन, तोवर तिला क्रम देत नाही. हैदराबाद दुसरं, कारण घड्याळासमोर मीही बसले होते आणि ते लिहायचं विसरले. अहमदाबाद तिसरं.

मुंबई मी यादीतून काढते आहे. सातारकराला मुंबईत कुणी ओळखीचं नाही, असं कधी होतच नाही. चार रात्री लॉजवर काढल्या, तरी तिसऱ्या दिवशी मावसभावाने हुडकून काढलंच. त्यामुळे माझी कसोटी तिथे लागू पडत नाही. वारणाकाठ यांनी लिहिलं तेच तिथे खरं धरावं.

कोलकाता पहिलं. ते हलत नाही.

नवखी :

मस्त धागा, वाचनखूण साठवली. ताई, मी जानेवारीत पहिल्यांदाच एकटी कोलकात्याला चालले आहे. फुलबाजाराला किती वाजता जाऊ? माझी गाडी दुपारी पोचते.

पाऊलवाट :

मग दुसऱ्या दिवशी जा. सहाच्या आधी पोच, जानेवारीत धुकं असतं, शाल ने. पायात जुनी चप्पल घाल, रेंद्यात बरबटते. पुलावर मधोमध थांबू नकोस, हमाल धावत येतात, कठड्याच्या बाजूने चाल.

हुगळीचा पाहुणा :

आणि जानेवारी म्हणजे नोलेन गूळ आलेला असेल. खजुराच्या रसाचा नवा गूळ. त्याचा संदेश खा. होळीनंतर मिळत नाही.